जिथे मुंगीही नाही

१५ जून १९८७

आजपासून मी पर्यावरण सल्लागार आहे. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं.

हरकरे सरांचं ऑफिस नागपूरच्या महाल भागात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आहे. दिवसभर खालून पितळेवर ठोके पडत असतात. सर आतापर्यंत बांधकामाच्या पायासाठी माती तपासून द्यायचे. मागच्या वर्षी दिल्लीत पर्यावरणाचा कायदा झाला आणि सरांनी पाटीवर ‘मृदा परीक्षण’ याच्या पुढे ‘व पर्यावरण’ असं रंगवून घेतलं. तो रंग अजून ताजा आहे.

मुलाखतीत सरांनी माझे गुण विचारलेच नाहीत. मी एम.एस्सी.चं प्रमाणपत्र पुढे केलं, तर म्हणाले, “राहू द्या. राहता कुठे?”

मी पत्ता सांगितला. नाल्याला लागून आमची वस्ती आहे, हेही सांगितलं.

“म्हणजे तिथल्या लोकांची जी गृहनिर्माण संस्था आहे, ते रुपराव जिचे सचिव आहेत, तीच वस्ती का?”

“हो सर. माझे वडील तिचे सभासद आहेत.”

“उद्यापासून या.”

कागद न बघता माणूस ओळखणारी माणसं फार थोडी असतात. शिवाय महालात बसून आमच्या वस्तीतल्या संस्थेची इतकी माहिती! सरांना समाजाची कळकळ आहे.

घरी बाबांनी गल्लीभर सांगितलं, “आमची प्रेमिला मातीची डॉक्टरीण झाली.” माय चुलीपुढून म्हणाली, “मातीले का बिमारी होते वं?”

मी तिला समजावून सांगितलं की कारखाने जमिनीत विष सोडतात, ते पाण्यात उतरतं, पाण्यातून माणसात येतं.

“मंग दवा काय देते तू?”

“बहुतेक वेळा दवा नसते माय.”

“दवा नाही, मंग डॉक्टर कायले पाहिजे?”

मायला शिकवायला वेळ लागेल.

१८ जून

सरांनी मला नमुना अहवाल वाचायला दिला. खाप्याच्या एका जागेचा आहे. सरांचे सगळे अहवाल याच्यावरूनच तयार होतात. पहिली दहा पानं हवामान, पाऊस, खडक, नद्या. ती बदलायची नाहीत, फक्त गावाचं नाव बदलायचं. मी काटोलच्या अहवालात खाप्याची कन्हान नदी वाहताना पाहिली आणि सरांच्या लक्षात आणून दिलं.

सर म्हणाले, “माती म्हणजे माती. नदी म्हणजे नदी.”

यात काहीतरी खोल असावं.

२३ जून

पहिलं काम मिळालं! आणि काय योगायोग! शहराबाहेरच्या वाडी गावची जी जागा आमची संस्था विकत घेणार आहे, तीच तपासायची आहे.

अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे चार एकर जागा आहे. तिथे पूर्वी किडे मारायची आणि तण जाळायची औषधं मिसळायचा आणि पोत्यांत भरायचा कारखाना होता. तो बंद पडला, टिनाचे शेड भंगारात गेले आणि जागा भैयाजी नावाच्या व्यापाऱ्यांनी घेतली. आता ते प्लॉट पाडून आमच्या लोकांना देणार आहेत. कर्ज देणाऱ्या कार्यालयाला ‘जमीन राहण्यास योग्य’ असा तज्ज्ञाचा दाखला हवा आहे. तो दाखला आमचं ऑफिस देणार आणि सही माझी. सर म्हणाले, “तुमच्या लोकांसाठी तुमच्याच मुलीची सही. याहून मोठी गोष्ट काय असू शकते?”

माझे डोळे भरून आले. बाबांनी गिरणीत सारा जन्म काढला, तो भाड्याच्या एका खोलीत. कोपऱ्यावरचा प्लॉट त्यांच्या नावाने धरला आहे.

२६ जून

वाडीला जाऊन आले. भैयाजींनी माझं जे स्वागत केलं ते मी विसरणार नाही.

सगळ्या जागेवर लाल मुरूम पसरलेला, त्यावर शेणाचा सडा, फाटकाशी रांगोळी. आदल्या दिवशीच तीन ट्रक मुरूम टाकून घेतला म्हणाले, “मॅडमजी येणार, चिखलात पाय भरन का?” एका शिकलेल्या मुलीचा इतका मान ठेवणारा व्यापारी मी पहिल्यांदा पाहिला. पांढरा सफारी, तोंडात पान, आणि मला म्हणतात, “तुमच्या समाजाची पोरगी इथपर्यंत पोहोचली, मले तर दिल से खुशी झाली.”

नमुने कुठून घ्यायचे तेही त्यांनी चुन्याचे गोल काढून ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, नियमाप्रमाणे जागा मी निवडायला हवी.

“निवडा ना! पण इथं सावली हाय, म्हणून म्हटलं. उन्हात काळ्या पडसान.”

गोल सावलीतच होते. मी तिथूनच घेतले. ते म्हणाले तेवढं खोल, म्हणजे वीतभर.

जागा फार स्वच्छ आहे. बुंदीची प्लेट माझ्या हातून सांडली. निघेपर्यंत तिच्यावर एक मुंगी आली नाही. आमच्या घरी साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो! पाऊस पडून गेला तरी गवताचं पातं नाही. डास तर औषधालाही नाही. वास तेवढा येतो, धान्याच्या कोठीत पावडर टाकल्यावर येतो तसा.

३ जुलै

प्रयोगशाळेचे आकडे आले. माती उत्तम! सर खूश झाले. खाप्याचा जुना अहवाल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आकडे जवळजवळ तेच. “पाहा. मी म्हटलं नव्हतं, माती म्हणजे माती?”

४ जुलै

खाप्याची माती आणि वाडीची माती सारखी कशी असेल? काल आनंदात हे सुचलंच नाही. भैयाजींना फोन केला आणि मुरूम कुठून आणला ते विचारलं.

“खाप्याहून. एकदम फर्स्ट क्लास माल.”

म्हणजे मी तपासली ती वाडीची जमीन नव्हे. मी माझ्या स्वागताची तपासणी केली.

५ जुलै, रविवार

बाबांना घेऊन वाडीला गेले. त्यांना सांगितलं की आणखी थोडी माती हवी. त्यांना प्लॉट पाहायचाच होता. शेजाऱ्याकडून खोदायला सब्बल, म्हणजे पहार, मागून आणली आणि बसमध्ये कंडक्टरला सांगत होते, “माह्या जागेवर जाऊन राहिलो.”

कोपऱ्यावरचा प्लॉट त्यांनी पावलांनी मोजला. चार दगड आणून ठेवले. “इथं तुह्या मायची चूल. इथं नळ. नळ घरात बरं का, बाहेर नाही. अन् इथं तुही पुस्तकं.” मग दोन्ही हात पसरून उभे राहिले. “पाह्य वं! एक मच्छर नाही!”

मी म्हटलं, “बाबा, चुलीपाशी खोदा.”

त्यांनी सब्बल घातली. मुरूम संपला. खाली राखेसारखा पांढुरका थर लागला, आणि असा वास आला की बाबांनी उपरणं नाकाशी धरलं. कोपरभर खोल गेलो तरी थर संपेना. मी नमुने भरले, कोपऱ्यातल्या विहिरीचं पाणीही घेतलं. कुठेही गांडूळ नाही, मूळ नाही, किडा नाही.

“पावडर हाय,” बाबा म्हणाले. “चांगलं हाय. वाळवी नाही लागणार घराले.”

मी नमुन्यांच्या पिशव्यांना गाठी मारल्या. शास्त्रज्ञाने निष्कर्षाची घाई करू नये.

१४ जुलै

प्रयोगशाळेतल्या माणसाने तपासणी पुन्हा केली, कारण पहिला आकडा त्याला स्वतःलाच खरा वाटेना. कीटकनाशक आहे आणि त्याच्याबरोबर सोमल, म्हणजे आर्सेनिकही आहे, तण जाळायच्या औषधातला. सोमल जमिनीतून जात नाही. तिथल्या विहिरीच्या पाण्यातही तो उतरला आहे.

घरी आले तेव्हा बाबा नळाच्या तोट्यांच्या किमती विचारून आले होते.

२२ जुलै

बत्तीस पानांचा अहवाल लिहिला. खाप्याची दहा पानं काढून टाकली. सतराव्या पानावर निष्कर्ष आहे: “या जमिनीत डास, मुंगी, वाळवी, गांडूळ यांपैकी एकही जीव टिकत नाही. या जमिनीवर माणसांनी राहू नये.”

सरांनी अहवाल हातात घेऊन वजन पाहिलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, “उत्तम. पण बत्तीस पानं कोण वाचतं? सारांश मी करतो. तुमचंच वाक्य घेतो, शब्दही बदलणार नाही.”

मी भैयाजींच्या नाराजीची काळजी बोलून दाखवली. सर म्हणाले, “सत्याला घाबरायचं नसतं. सत्य मांडता आलं पाहिजे.”

३० जुलै

सरांनी शब्द पाळला. माझ्या वाक्यातला एकही शब्द बदललेला नाही.

गुलाबी कागदावर पत्रक छापून आलं आहे. “नागपुरातील पहिली डासमुक्त वसाहत! डास नाही! मुंगी नाही! वाळवी नाही! कु. प्रेमिला लहानू ढोके, एम.एस्सी., पर्यावरण सल्लागार यांच्या शास्त्रीय अहवालाने सिद्ध!”

गांडूळ वगळलंय. ते शोभलं नसतं.

मी धावत जिना चढले. “सर, पुढचं वाक्य?”

“ते परिशिष्टात आहे.”

“परिशिष्ट कुठे आहे?”

“ऑफिसात. ज्याला हवं त्याने येऊन पाहावं. आपण काही लपवलेलं नाही.”

बाबांनी पत्रक भिंतीला चिकटवलं आहे. माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरात यापूर्वी कधीच छापून आलेलं नाही.

२ ऑगस्ट, रविवार

आज समाजमंदिरात संस्थेची सभा होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आकडे सांगितले. लोक जांभया देऊ लागले तेव्हा म्हटलं, “तिथं सोमल हाय. जहर हाय. तिथं घर नका बांधू.”

रुपरावकाका हसले. “पोट्टी, सोमल तं वैद्यबी देते पुडीत. मच्छर मरते म्हणून माणूस मरते का? मलेरियावाले दरसाल घरात फवारून जाते. मेलो का आपण?”

“काका, हे त्याच्यापेक्षा हजारपट—”

“तुले लहानपणी मलेरिया झाला, तवा खांद्यावर टाकून दवाखान्यात कोनं नेलं? म्या. आता तूच म्हणतं, मच्छर नाही ते जागा खराब हाय.”

मागून मनकर्णाबाई उठल्या. आमच्या दोन घरं सोडून राहतात. “माहा पोट्टा तापानं गेला. नाल्याच्या मच्छरानं गेला. डॉक्टरनं सांगतलं होतं. तू मले सोमल नको सांगू प्रेमिला. मच्छर नसन तिथं मी उद्याच चालली.”

मी आकड्यांच्या कागदाची घडी केली.

मी बाबांकडे पाहिलं. ते चपलेकडे पाहत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, “चार लोकात बोलायच्या आधी मले त सांगाचं होतं.”

मी सांगितलं होतं. दोनदा. त्यांनी नळाच्या तोट्यांचा विषय काढला होता.

१७ ऑगस्ट

पत्रक वस्तीबाहेर गेलं आहे. धरमपेठेत, रामदासपेठेत पोचलं. ऑफिसात डॉक्टर येतात, वकील येतात, एक निवृत्त कलेक्टर आले होते. सगळ्यांचा एकच प्रश्न: “खरंच मुंगी नाही?”

“खरंच नाही,” मी म्हणते. “म्हणूनच घेऊ नका.” आणि अहवाल पुढे करते.

ते अहवाल हातात घेऊन बघतात. बत्तीस पानं! मग भैयाजींचा पत्ता विचारतात. निवृत्त कलेक्टर सरांना म्हणाले, “मुलगी हुशार आहे. स्वतःच्या लोकांसाठी जागा राखून ठेवायला बघतेय.”

२८ ऑगस्ट

भैयाजींनी आमच्या संस्थेने बयाणा म्हणून भरलेले आगाऊ पैसे परत केले. जागा आता ‘साहेब लोकांना’ जाणार. जास्त भावाने.

संध्याकाळी आमच्या दारात गर्दी होती. मला वाटलं, चला, निदान आता आपले लोक वाचले. हे बोलून दाखवणार, तोच मनकर्णाबाई पुढे आल्या. “इतकं चांगलं काहून लिवलं वं रिपोर्टात? जरासं खराब लिवतीस तं राहिली असती जागा आपल्यापाशी!”

“मावशी, मी खराबच लिवलं होतं.”

“मंग सायेब लोक काहून घेऊन राहिले?”

रुपरावकाका म्हणाले, “हरकरेनं हिले पगार कायचा देल्ला? याचाच.”

बाबांनी सगळ्यांदेखत पत्रक भिंतीवरून काढलं. फाडलं नाही. घडी करून ट्रंकेत ठेवलं. मग ताट घेऊन माझ्याकडे पाठ करून बसले.

९ सप्टेंबर

सरांनीही प्लॉट घेतला. वाडीला, मधल्या रांगेत.

मी म्हटलं, “सर, तुम्हाला तर माहीत आहे.”

“काय?”

“सतरावं पान.”

सरांनी चष्मा काढला. माझ्या लक्षात आलं, सरांनी अहवाल वाचलेलाच नाही. एवढा मोठा माणूस, एवढी कामं. तेवढं एक वाक्य दिसलं, ते घेतलं. मी उभी राहून सतरावं पान वाचून दाखवलं, सोमल, विहीर, सगळं.

सरांनी फार मायेने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुमच्या लोकांची जागा गेली, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण म्हणून विज्ञानाचा असा वापर करू नये.”

मायला हे सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, “जाऊ दे ना त्याइले. हौस हाय तं राहू दे.”

“माय, त्यांची लेकरं मातीत खेळतील.”

मायने भाकरी तव्यावर टाकली. उलटायला विसरली, भाकरी करपली.

२२ सप्टेंबर

सरांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. यमुताईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, घटासाठी माती हवी होती.

यमुताई फार प्रेमळ आहेत. मला ओसरीवर बसवलं, खास कोनाड्यातला वेगळा कप काढून चहा दिला. पाहुण्यांसाठी निराळा ठेवलेला दिसतो. मी विसळायला घेतला तर नाही म्हणाल्या नाहीत.

“परवा घट बसायचे. म्हटलं, यंदा देवीला आपल्या नव्या भूमीतलीच माती घालू. बाकीच्या प्लॉटवाल्या बायकांनाही फोन केला, त्यांनाही कल्पना आवडली. तू मातीतली तज्ज्ञ, तूच आण सगळ्यांसाठी. पण ती लाल मुरमाड नको हं, मुरमात धान्य नीट रुजत नाही. खालची, खरी माती आण.”

मला हसावं की रडावं कळेना. मी घट मानत नाही. आमच्या घरी कोणी मानत नाही, छप्पन सालापासून. पण मी सल्लागार आहे, आणि या बाईने मला पहिला नेमका प्रश्न विचारला होता. खालची, खरी माती.

मी म्हटलं, “यमुताई, त्या मातीत काही उगवणार नाही.”

त्या हसल्या. “अगं, श्रद्धेनं पेरलं की दगडातही उगवतं.”

“नाही उगवणार. मी अहवालात लिहिलंय.”

“तुमचे ते अहवाल ह्यांना सांग.”

२३ सप्टेंबर

दोन पोती भरून आणली. मुरमाखालची, कोपरभर खोलवरची. हातमोजे घालून. पोत्यांवर कागद चिकटवला: “यात विष आहे. हात लावल्यास धुवावे.” यमुताईंच्या घरी पोचेपर्यंत कागद कोणीतरी काढला होता. मोलकरणीला मात्र मी नीट समजावून सांगितलं. तिने लगेच मालकिणीला सांगून टाकलं की माती कालवायचं काम ती करणार नाही.

३० सप्टेंबर

ऑफिसात सर सारखे फोनकडे बघत आहेत. घटात काही उगवलं का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. दुपारी यमुताईंचा फोन आला. फोन सरांनी घेतला. मला इकडचंच ऐकू आलं.

“ग्रहणामुळे असेल… अगं, आदल्या दिवशी ग्रहण होतं ना… जोशीबाईंकडेही नाही?… कलेक्टरांकडे?… एकाही घरी नाही?”

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. वाडीच्या प्लॉटवाल्या एकाही घरात घटाला अंकुर आला नाही.

आज सकाळपासून ऑफिसात रीघ आहे. डॉक्टर, वकील, कलेक्टर, सगळे. देवीने कौल दिला, जागा शापित आहे, बुकिंग रद्द करा. निवृत्त कलेक्टर तर म्हणाले, तिथे पूर्वी स्मशान असलं पाहिजे. डॉक्टर म्हणाले, “शेवटी विज्ञानापलीकडेही काहीतरी आहे.”

मी अहवाल घेऊन दारात उभी होते. “साहेब, देवीचा काही संबंध नाही. सोमलामुळे बी रुजत नाही. सतरावं पान—”

“बाळ,” डॉक्टर म्हणाले, “काही गोष्टी वाचून कळत नाहीत.”

यमुताईंनी सरांना निक्षून सांगितलंय, त्या जागेवर पाऊल ठेवणार नाही. सरांनी भैयाजींना फोन करून स्वतःचं बुकिंग आधी रद्द केलं, मग बाकीच्यांचं.

मला आनंद व्हायला हवा होता. माणसं वाचली. पण उत्तर बरोबर यावं आणि रीत चुकलेली असावी, तसं काहीतरी वाटत राहिलं. ही उपमा नीट जमलेली नाही. राहू दे.

८ ऑक्टोबर

भैयाजी आले होते. माझ्यासाठी संत्र्याची बर्फी घेऊन.

“मॅडमजी, खुशखबर हाय. जागा परत तुमच्या लोकांची! कमी भावात. या बम्मन लोकांचं का, घट नाही उगवला अन् पळाले. तुमच्यात तं हे घट-बिट मानत नाही ना? मंग तुमाले का प्रॉब्लेम?”

सरांनी कोरा दाखला माझ्यापुढे सरकवला. “आकडे पहिल्या नमुन्याचे घ्या. ते काही खोटे नाहीत. सही करा.”

“मी करणार नाही. तुम्ही करा सर.”

“माझ्या सहीवर तुमच्या वस्तीतला कोण विश्वास ठेवील? तुमचीच सही लागते. नाहीतर तुम्हाला—” सर थांबले.

मी जिना उतरून खाली आले. भांड्यांच्या दुकानाशी बराच वेळ उभी राहिले. पत्ता. मुलाखतीत त्यांनी पत्ता विचारला होता. पुढे लिहवत नाही.

९ ऑक्टोबर

राजीनामा दिला. बर्फी परत केली.

११ ऑक्टोबर, रविवार

समाजमंदिर भरलं होतं. दाखला नसला तरी भैयाजी म्हणाले आहेत की दुसऱ्या तज्ज्ञाचा आणून देतो.

रुपरावकाकांनी फार चांगलं भाषण केलं. खरंच चांगलं. “गाडगं उगवलं नाही म्हणून त्याइनं जागा सोडली! इतके शिकलेले, डॉक्टर, कलेक्टर! अन् आपण? आपण अंधश्रद्धा सोडली, तवा नवा जन्म झाला आपला. आपण विज्ञान मानतो! घटाले भेऊन घर सोडणारे आपण नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही अर्ध्या टाळीला आले होते, मग भानावर आले.

मी उठले. शाळेपासून मी याच भाषणांवर वाढले. आणि आज या सभेत मला एकटीला यमुताईंच्या देवीच्या बाजूने बोलायचं होतं.

“काका, घट उगवला नाही हे खरं हाय.”

“आयका! पोट्टी देवीची झाली!”

हशा. बाबांनी मान खाली घातली.

“देवीनं नाही थांबवलं. मातीनं थांबवलं. माह्या आकड्यावर इश्वास नाही, नका ठेवू. पेरून पाहा.”

“मंग तू बी घट बसवतं का वं आता?”

“घटाले देवी लागते काका. मले दोन घमेले पाहिजे.”

पुन्हा हशा, पण मनकर्णाबाई हसल्या नाहीत. “कायले दोन?”

“एकात आपल्या नाल्याकाठची माती. एकात वाडीची. दोनातबी मेथी. सगळ्याइच्या डोळ्यासमोर. नाही उगवली तं नका घेऊ जागा. उगवली तं मी दाखल्यावर सही करून देतो.”

रुपरावकाका म्हणाले, “दिवाळीपावतर थांबाले का जाते? थांबू.” त्यांना खात्री होती.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “उगवली तं खरंच सही करशीन?”

“हो.”

“मंग चांगली मेथी आणतो,” ते म्हणाले. “जुनी नाही पाहिजे.”

१५ ऑक्टोबर

घमेली आमच्या दारात आहेत. पोरांनी हात लावू नये म्हणून बाबांनी वाडीच्या घमेल्याभोवती काटेरी तार लावली. नाल्याच्या मातीत आज कोंब दिसले. वाडीच्या मातीत काही नाही. लोक जाता-येता वाकून पाहतात. रुपरावकाका म्हणाले, “तिकडं बी कमी टाकलं असन.”

बाबांनी त्यांच्यासमोर मूठभर आणखी टाकलं.

१९ ऑक्टोबर

मी पहाटे पाणी भरायला उठले तर बाबा घमेल्याशी बसले होते. काडीने वाडीची माती उकरून पाहत होते. मला पाहून काडी मागे लपवली. “नाही, म्हटलं, उशिरा येते कदी कदी.”

त्यांना ती उगवायला हवी होती. मलाही हवी होती, हे इथेच लिहून ठेवते. असं आकड्यांविरुद्ध मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी गेली. नाल्याच्या घमेल्यात मेथी टोपलीभर झाली आहे. वाडीच्या घमेल्यात दाणे पेरले तसेच आहेत, काळे पडलेले.

सकाळी मनकर्णाबाई आल्या. तारेच्या बाहेरून बघत राहिल्या. मग रुपरावकाकांच्या घरी गेल्या आणि जागेच्या यादीतून नाव काढून आल्या. दुपारपर्यंत आणखी लोक गेले. रुपरावकाका म्हणतात, मेथी म्हणजे विज्ञान नाही, मेथी म्हणजे भाजी. ते जागा घेणारच. पण त्यांची बायको त्यांच्याशी बोलत नाही असं ऐकलं.

बाबा सगळ्यांत शेवटी गेले. जाताना कोट घातला, जो ते फक्त लग्नाला घालतात. परत आले आणि कोट खुंटीला लावला. “काढलं नाव,” म्हणाले. डास चावत होते. त्यांनी मायला कडुलिंबाचा धूर करायला सांगितलं.

रात्री मायने मेथीची भाजी केली. आम्ही जेवलो. भाजी फार चांगली झाली होती.

हात धुऊन बाबा दारात उभे राहिले, वाडीच्या घमेल्याकडे पाहत. मग त्यांनी मला हाक मारली. नावाने नाही. गल्लीत चेष्टेने म्हणतात तसं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले, “डॉक्टरीणबाई.”

“काय बाबा?”

“ही माती आता टाकाची कुठी?”

नाल्यात नाही. गल्लीत नाही. शेतात नाही. वाडीला परत नेली तर तिथेही कोणीतरी राहणारच आहे.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझा सल्ला मागत होतं, आणि मला तो देता येत नव्हता. मी घमेल्यावर पत्रा झाकला आणि पत्र्यावर वीट ठेवली. उद्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पाहते.